अंगठीचे तीन भाव

रत्ने व दागिने : वाचकांचे प्रश्न आणि रत्नपरीक्षकांची उत्तरे

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझे साक्षगंध आहे. होणाऱ्या पत्नीसाठी मी नागपुरातील एका मोठ्या दुकानातून हिऱ्याची अंगठी घेतली. बिल १,४८,०११ रुपयांचे झाले. बिलासोबत दुकानदाराने एक छापील ‘मूल्यांकन प्रमाणपत्र’ दिले असून त्यात अंगठीचे मूल्य २,१०,००० रुपये लिहिले आहे. ते वाचून मला समाधान वाटले होते. परंतु आईच्या आग्रहावरून आम्ही ती अंगठी इतवारीतील आमच्या घरच्या सराफांना दाखवली, तेव्हा त्यांनी भिंगातून पाहून ‘आज मोडायला आणली तर नव्वद हजार देईन’ असे सांगितले. तेव्हापासून घरात अस्वस्थता आहे. वडील म्हणतात की मी फसलो, आणि दुकानदार म्हणतो की सराफांना हिऱ्यातले कळत नाही. खरी किंमत कोणती समजावी, आणि ज्याचा यात काहीही स्वार्थ नाही अशा माणसाकडून मूल्यांकन कसे करून घ्यावे? बिलाची प्रत सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : आपण पाठवलेले बिल मी नीट वाचले. घरातील अस्वस्थता थोडी कमी व्हावी म्हणून आधी एक गोष्ट सांगते. आकडे वेगवेगळे निघाले एवढ्यावरून फसवणूक सिद्ध होत नाही, तसा दुकानदाराचा प्रामाणिकपणाही सिद्ध होत नाही. बिलातला आकडा म्हणजे आपण मोजलेली रक्कम. सराफांचा आकडा म्हणजे तीच वस्तू त्यांना आज विकत घ्यायची झाली तर ते देतील ती रक्कम. प्रमाणपत्रातला आकडा म्हणजे विकणाऱ्यानेच आपल्या मालाविषयी लिहून दिलेले मत. बोटातला खडा नेमका काय आहे, हे मात्र या तिघांपैकी कोणीही आपल्याला लेखी दिलेले नाही, आणि माझ्या मते आपण सगळ्यात आधी तेच मिळवायला हवे.

२,१०,००० रुपयांचा आकडा आपण मनातून काढून टाकावा. जो माल त्या किमतीला विकला जाऊ शकत होता तो दुकानदाराने ६२,००० रुपये कमी घेऊन आपल्याला दिला, असे मानायला काहीही आधार नाही. असे फुगवलेले आकडे ग्राहकाला बरे वाटतात म्हणून लिहिले जातात, पण पुढे त्यांचा त्रासच होतो. त्या रकमेवर अंगठीचा विमा उतरवला तर हप्ता जास्त भरावा लागतो, आणि अंगठी हरवली किंवा चोरीला गेली तर विमा कंपनी साधारणपणे प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई देते किंवा तशाच प्रतीची वस्तू आणून देते, कागदावर आहे म्हणून दोन लाख दहा हजार हातावर ठेवत नाही.

सराफांच्या नव्वद हजारांविषयी मला आपल्या वडिलांना काही सांगावेसे वाटते. आपल्या बिलात १८ कॅरेटचे ३.५०० ग्रॅम सोने ३२,२०० रुपयांचे, घडणावळ ७,५०० रुपये, हिरा १,०४,००० रुपयांचा आणि एकूण १,४३,७०० रुपयांवर तीन टक्के जीएसटी ४,३११ रुपये, असा हिशेब आहे. यातील घडणावळ आणि कर मिळून ११,८११ रुपये दुकानाची पायरी उतरताच संपले, कारण दागिना मोडताना ते कोणीही परत देत नाही. सराफांच्या नव्वद हजारांतून सोन्याचे पैसे बाजूला काढले, तर त्यांनी हिऱ्याला साधारण ५८,००० रुपये, म्हणजे आपण दिलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोडे अधिक, लावलेले दिसतात. सोन्याला रोजचा जाहीर भाव असतो, तसा हिऱ्याला नसतो, प्रत्येक खडा वेगळा असतो, आणि वापरलेला खडा विकत घेणाऱ्याला तो पुन्हा विकला जाईपर्यंत आपले भांडवल अडकवून ठेवावे लागते. हे ध्यानात घेतले तर सराफांचा भाव मला गैर वाटत नाही. उलट, साक्षगंधाची अंगठी घेताना ‘उद्या मोडली तर किती येतील’ हे दुकानातच सांगण्याची पद्धत असती तर पुष्कळ घरांतला मनस्ताप टळला असता, असे मला मनापासून वाटते.

तरीही सराफांच्या भावात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. त्यांनी हा हिरा नैसर्गिक आहे असे मानले. साध्या भिंगातून, कितीही अनुभवी डोळा असला तरी, खाणीतून निघालेला हिरा आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा यांत खात्रीने फरक करता येत नाही. दोन्ही शुद्ध कार्बनचेच स्फटिक असतात, दोघांचा कठीणपणा आणि चमक सारखी असते. एक जमिनीखाली कोट्यवधी वर्षांत तयार होतो, दुसरा प्रचंड दाब व तापमान देणाऱ्या एचपीएचटी पद्धतीने किंवा वायूमधून थरावर थर जमवणाऱ्या सीव्हीडी पद्धतीने काही आठवड्यांत तयार होतो. प्रयोगशाळेतला हिरा खोटा नव्हे. परंतु त्याची किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या तुलनेत फारच कमी असते आणि गेल्या काही वर्षांत ती सातत्याने उतरली आहे. आपला खडा त्या प्रकारचा निघाला तर नव्वद हजारांचा भावसुद्धा टिकणार नाही.

आता बिलाकडे पुन्हा पाहा. त्यात ‘डायमंड ०.५० कॅरेट, जी-एच, व्हीएस-एसआय’ एवढेच लिहिले आहे. ‘नैसर्गिक’ हा शब्द नाही आणि कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक नाही. ‘जी-एच’ ही रंगाची श्रेणी आहे. जीआयए या अमेरिकी संस्थेने रूढ केलेली ही श्रेणी डीपासून झेडपर्यंत जाते, आणि डी म्हणजे पूर्ण रंगहीन. ‘व्हीएस-एसआय’ ही स्वच्छतेची श्रेणी आहे, पण तिच्या पोटात व्हीएस-१, व्हीएस-२, एसआय-१ आणि एसआय-२ अशा चार पायऱ्या येतात. बारीक हिऱ्यांचा झुबका असलेल्या दागिन्यात अशी मोघम श्रेणी चालून जाते. एकट्या खड्यासाठी लाखभर रुपये घेताना ती चालवून घेऊ नये, कारण वरच्या पायरीचा आणि खालच्या पायरीचा भाव सारखा नसतो. एक गोष्ट मात्र दुकानाच्या बाजूने नोंदवते : अंगठीचे एकूण वजन ३.६०० ग्रॅम आहे आणि सोने ३.५०० ग्रॅमच धरले आहे. हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणून अर्ध्या कॅरेटचे ०.१०० ग्रॅम बरोबर वजा झाले आहेत. काही ठिकाणी हिऱ्याचे वजन सोन्यातही धरून ग्राहकाकडून दोनदा पैसे घेतले जातात. तसे येथे झालेले नाही.

म्हणून आपले पहिले काम दुकानातच आहे. उद्याच जाऊन, शांतपणे, या खड्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. अर्ध्या कॅरेटच्या एकट्या खड्याबरोबर असा अहवाल असणे सर्वसाधारण आहे, आणि कित्येकदा तो दुकानाच्या पाकिटात राहून गेलेला असतो. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांच्या अहवालावरील क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ नोंद दिसते. ती छापील कागदाशी ओळीने ताडून पाहा. अहवालात हिऱ्याचे वजन, मिलिमीटरमधील मापे, रंग, स्वच्छता, पैलूंची प्रत आणि हिरा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेतला, हे सर्व असते. किंमत नसते, आणि ती नसते हेच त्या कागदाचे बळ आहे. दुसरे असे की ‘हिरा नैसर्गिक आहे’ हे शब्द दुकानाकडून बिलावर सही-शिक्क्यासह लिहून घ्या. जो दुकानदार हे लिहायला खळखळ करतो त्याच्याकडे अंगठी परत करण्याचा विचार आपण गंभीरपणे करावा.

अहवाल मिळाला की तो याच खड्याचा आहे हे पाहावे लागते, आणि येथे स्वतंत्र रत्नपरीक्षकाचे काम सुरू होते. माझ्या मेजावर हे काम कसे होते ते सांगते, म्हणजे आपण कोणाकडेही गेलात तरी काय अपेक्षा ठेवावी ते कळेल. प्रथम अंगठी आपल्यासमोर वजन करून, तिचा फोटो काढून, लेखी पावती दिली जाते. मग ती कोमट पाण्यात सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुतली जाते, कारण बोटांचा चिकटपणा हिऱ्याच्या खालच्या बाजूला साचतो आणि चांगला खडासुद्धा मंद दिसतो. नंतर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली अंगठी आडवी धरून हिऱ्याची कंबर, म्हणजे वरचे आणि खालचे पैलू जिथे मिळतात ती बारीक कड, हळूहळू फिरवत पाहायची. अहवालाचा क्रमांक बहुतेक वेळा तिथे लेझरने कोरलेला असतो, इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना कड कोरी दिसते. पुष्कळदा निम्मा क्रमांक खड्याला धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या प्रॉंगखाली दडलेला असतो, आणि मग दिसणारे तीन-चार आकडे अहवालाशी जुळवून बाकीचा निर्णय मापांवर आणि आतल्या खुणांवर घ्यावा लागतो. अहवाल असलेल्या प्रयोगशाळेतील हिऱ्याच्या कडेवर बहुधा तसा शब्दही इंग्रजीत कोरलेला असतो.

आतल्या खुणा सर्वांत विश्वासाच्या, कारण क्रमांक कोणीही कोरू शकतो, पण हिऱ्याच्या पोटातला एखादा काळसर कण, पिसासारखी एखादी रेषा आणि त्यांची नेमकी जागा नक्कल करता येत नाही. ही खूण आपण स्वतः भिंगातून पाहून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे ‘चारच्या जागी, कडेजवळ, काळा ठिपका’ एवढे लक्षात राहिले की पुढे कधीही, अंगठी पॉलिशला दिली किंवा मोठी करून घेतली, तरी आपला खडा आपल्याला ओळखता येतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका अंगठीचा क्रमांक कड पाहताना अहवालाशी जुळेना. शेवटचा आकडा वेगळा होता. त्या कुटुंबाने रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी केली तेव्हा एकाच दिवशी विकलेल्या दोन अंगठ्यांची पाकिटे अदलाबदल झाली होती, दुसरा अहवाल दुसऱ्याच ग्राहकाच्या कपाटात होता, आणि दोन्ही खडे सांगितल्याप्रमाणेच होते. हे मुद्दाम सांगितले, कारण आकडा जुळला नाही की माणूस लगेच वाईटावर उठतो.

मापांवरून वजनही पडताळता येते. गोल ब्रिलियंट हिऱ्याचा सरासरी व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला उंचीने आणि मग ०.००६१ ने गुणायचे, की कॅरेटमधले अंदाजे वजन मिळते. व्यास ५.१ आणि उंची ३.१५ मिलिमीटर असेल तर उत्तर जवळजवळ बरोबर ०.५० येते. आपला खडा ४.७ मिलिमीटर व्यासाचा भरला, तर खुलासा मागायलाच हवा. रंग आणि स्वच्छता मात्र जडवलेल्या खड्यात ठामपणे सांगता येत नाहीत. पिवळ्या सोन्याची झाक हिऱ्यात उतरते आणि प्रॉंगखालचा डाग दिसत नाही. म्हणून प्रामाणिक परीक्षक ‘जडणीतून दिसते त्याप्रमाणे’ असे शब्द लिहितो आणि एका श्रेणीऐवजी दोन लगतच्या श्रेणी देतो. हे शब्द वाचून नाराज होऊ नका, जो परीक्षक हे लिहीत नाही त्याच्यावर मी कमी विश्वास ठेवीन.

दुकानाकडे अहवालच नसेल, तर तपासणी प्रयोगशाळेतच व्हावी. जीआयए आणि आयजीआय या दोन्हींच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. आयजीआय जडवलेल्या दागिन्याचाही अहवाल देते. सविस्तर श्रेणी हवी असेल तर खडा काढून सुटा द्यावा लागतो आणि पुन्हा जडवावा लागतो. अंगठी साध्या कुरिअरने पाठवू नका. आपण किंवा घरातील कोणी विदर्भ एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून ती स्वतः नेऊन दिली तर मला अधिक बरे वाटेल, नाहीतर प्रयोगशाळेलाच विमा असलेल्या पाठवणीची व्यवस्था विचारावी. काय भरून द्यायचे, किती दिवस लागतील आणि शुल्क किती, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे. साक्षगंधाला महिनाच असल्यामुळे हे याच आठवड्यात ठरवा.

खड्याची ओळख पटल्यावरच किमतीचा प्रश्न घ्यावा, आणि तो घेताना मूल्यांकन कशासाठी हवे ते आधी सांगावे. विम्यासाठी तशीच अंगठी आज बाजारात नव्याने घ्यायला किती लागतील हा आकडा लागतो. तो आपल्या बिलाच्या जवळपास असायला हवा. वाटणी, कर्ज किंवा विक्री यांसाठी वेगळा, खालचा आकडा लागतो. नागपुरात शासनमान्य मूल्यांकनकार आहेत. १९५७ च्या संपत्ती कर कायद्याखाली नोंदणी झालेले हे लोक दागिन्यांचे लेखी मूल्यांकन देतात, आणि तो कर रद्द झाला तरी त्यांचे प्रमाणपत्र बँका व विमा कंपन्यांकडे चालते. त्यांच्यापैकी हिऱ्याचे रीतसर शिक्षण घेतलेला माणूस निवडा. शुल्क आधी ठरवा. आणि जो मूल्यांकन करता करता ‘मीच घेतो, मला द्या’ किंवा ‘यापेक्षा चांगला दाखवतो’ असे म्हणेल, त्याचे मत तिथेच घेणे थांबवा, मग तो कितीही ओळखीचा असो. आपल्या सराफांनी भाव आपण विचारला म्हणून सांगितला, ती गोष्ट वेगळी.

दुकानाची परतीची किंवा बदलून देण्याची मुदत किती आहे ते बिलामागच्या बारीक अक्षरांत वाचा. तपासणी त्या मुदतीत पुरी करा आणि तोपर्यंत अंगठीवर नाव कोरणे, माप बदलणे असे काहीही करू नका.

प्रश्न : माझ्या मुलीच्या साक्षगंधात मुलाकडच्यांनी तिला हिऱ्याची अंगठी घातली. नात्यातील एका बाईंनी ‘खडा खरा आहे ना, पाहून घ्या’ असे चारचौघांत म्हटले आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. व्याह्यांना न कळवता अंगठी तपासून घ्यावी का? त्यांना कळले तर नाते बिघडेल अशी भीती वाटते.
— एक वाचिका, महाल

उत्तर : ताई, आपली घालमेल मला समजते. मी आपल्या जागी असते तर लपून काहीही केले नसते. भेट म्हणून आलेल्या वस्तूची किंमत काढून घेणे मला पटत नाही, आणि ती किंमत कळून आपल्या मुलीच्या संसारात काही भर पडणार नाही. खड्याची ओळख असणे मात्र गरजेचे आहे, कारण ही अंगठी ती पुढे रोज घालणार आहे, कधीतरी दुरुस्तीला देणार आहे आणि तिचा विमाही काढावा लागेल. म्हणून मुलीने आपल्या होणाऱ्या नवऱ्याकडेच, मोकळेपणाने, ‘विमा उतरवायचा आहे, बिल आणि हिऱ्याचा अहवाल यांची प्रत देता का’ असे विचारावे. रक्कम झाकून प्रत दिली तरी चालेल, आपल्याला अहवालाचा क्रमांक आणि सोन्यावरील एचयूआयडी हा सहा अक्षरी ओळख क्रमांक एवढेच हवे आहे. त्यानंतर दोघांनी मिळून परीक्षकाकडे जाऊन खड्यातील खूण भिंगातून पाहून यावी. माझ्याकडे अशी जोडपी येतात, आणि आपलाच हिरा पहिल्यांदा आतून पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर संशय नसतो, कुतूहल असते. हिरा प्रयोगशाळेतला आहे असे कळले आणि मुलाकडच्यांनी तसे आधीच सांगितलेले असेल, तर त्यात काहीच उणे नाही. आज पुष्कळ तरुण तो जाणून-बुजून निवडतात. त्यांनाही ते ठाऊक नसेल, तर फसवले गेले आहेत ते तेच, आणि ही गोष्ट त्यांना वेळेत सांगणे हे आपल्या घरच्यांचे काम ठरते. त्या नातेवाईक बाईंना यातले काहीही कळवण्याची गरज नाही.

प्रश्न : अंगठीच्या आतल्या बाजूला हॉलमार्क आहे. मग हिऱ्याची वेगळी तपासणी कशाला?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : हॉलमार्क फक्त सोन्याविषयी बोलतो. त्यात बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरो, या संस्थेचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी अशा तीन खुणा असतात. ‘१८के७५०’ याचा अर्थ हजार भागांत ७५० भाग शुद्ध सोने. बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये एचयूआयडी टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि तपासणी केंद्र यांची माहिती दिसते. ती अवश्य पाहावी. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानांना विकता येत नाही. मात्र दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या दागिन्यांना सक्ती नाही, त्यामुळे अगदी नाजूक अंगठीवर खूण नसेल तर लगेच शंका घेऊ नये. गोंधळ होतो तो ‘कॅरेट’ या शब्दामुळे. सोन्याचा कॅरेट ही शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट हे वजन. ‘१८ कॅरेटची हिऱ्याची अंगठी’ या शब्दांत हिऱ्याविषयी एक अक्षरही नाही.

प्रश्न : मी हिरा तपासण्याचे पेनसारखे यंत्र मागवले. अंगठीला लावताच दिवे लागले आणि आवाज आला. एवढे पुरेसे आहे का? घरातील वडीलधारे म्हणतात, खरा हिरा हातोडीनेसुद्धा फुटत नाही, तसे करून पाहावे काय?
— एक वाचक, कामठी रोड

उत्तर : हातोडी कृपया हातातही घेऊ नका. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही याचा अर्थ तो फुटत नाही असा होत नाही. त्याच्या स्फटिकात चार दिशांना चीर जाण्याची जागा असते, आणि त्या दिशेने बसलेला एक घाव खऱ्या हिऱ्याचे दोन तुकडे करतो. पूर्वीचे कारागीर याच गुणाचा उपयोग करून हिरे फोडत असत. खोटा खडा टिकला आणि खरा फुटला, असेही होऊ शकते.

पेनसारखे यंत्र खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते ते मोजते. काच आणि क्युबिक झिरकोनिया असे नकली खडे त्यात पकडले जातात. मॉइसनाइट हा खडा मात्र उष्णतेच्या बाबतीत हिऱ्याच्या इतका जवळ आहे की साधे यंत्र त्यालाही हिरा म्हणते. त्यासाठी वीजवहन मोजणारे यंत्र लागते, किंवा भिंगातून तिरपे पाहिल्यावर खालच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात त्यावरून तो ओळखता येतो. प्रयोगशाळेतला हिरा तर खरोखर हिराच असल्यामुळे या यंत्राला तो वेगळा कळणे शक्य नाही. त्यासाठी वेगळी यंत्रे असतात, ती प्रकाशाला खडा कसा प्रतिसाद देतो ते पाहून संशयित खडे बाजूला काढतात आणि अंतिम निर्णय प्रयोगशाळा देते. जाता जाता, जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून प्रयोगशाळेतील हिऱ्यांना नैसर्गिक हिऱ्यांसारखी रंग व स्वच्छतेची श्रेणी देणे थांबवले असून त्यांना ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढेच म्हटले जाते. तेव्हा नव्या अहवालावर नेहमीची अक्षरे दिसली नाहीत म्हणून तो बनावट समजू नये.

प्रश्न : डिसेंबरात घेतलेली अंगठी आता मे महिन्यात बोटाला घट्ट होते. मोठी करून घेण्यापूर्वी तपासणी करावी का?
— एक वाचिका, धरमपेठ

उत्तर : होय, आधीच करावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बोटे फुगतात, म्हणून पावसाळा सुरू होईपर्यंत थांबता आले तर उत्तम, कदाचित माप बदलावेही लागणार नाही. बदलावेच लागले, तर लक्षात घ्या की काही हिऱ्यांतील चिरा काचेसारख्या पदार्थाने बुजवलेल्या असतात आणि जोडकामाच्या ज्योतीने ते भरण खराब होते. तसे भरण नाही याची खात्री झाल्यावरच अंगठी कारागिराकडे द्या, आणि देण्यापूर्वी खड्यातील खूण आणि अंगठीचे वजन पावतीवर लिहून घ्या.

प्रश्न : बिलावर ‘नैसर्गिक हिरा’ असे स्पष्ट लिहिले आहे. मुंबईच्या प्रयोगशाळेने मात्र तो सीव्हीडी असल्याचा अहवाल दिला. दुकानदार म्हणतो, ‘खडा तुम्हीच बदलला असेल.’ आता काय करावे?
— एक वाचक, सदर

उत्तर : आपला राग रास्त आहे, आणि बिलावर तो शब्द असल्यामुळे आपली बाजू भक्कमही आहे. प्रथम दुकानदाराला लेखी पत्र द्या. बिल आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांच्या प्रती जोडा, पूर्ण रक्कम परत मागा आणि उत्तरासाठी ठरावीक दिवस द्या. पत्र पोहोच मिळेल अशा टपालाने पाठवा. शहरातील पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात, कारण कित्येकदा दुकानदारालाही वरून आलेल्या मालात असा खडा मिसळलेला असल्याची कल्पना नसते. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानेही न भागल्यास नागपूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दुकान दुसऱ्या शहरात असले तरी आपण जिथे राहता तिथल्या आयोगाकडे ती करता येते, वकील देणे बंधनकारक नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वस्तूत दोष आहे का हे ठरवण्यासाठी आयोग ती स्वतः प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

‘खडा तुम्हीच बदलला’ या आरोपाला उत्तर देता येईल ते तारखांनी आणि कागदांनी. अंगठी कोणत्या दिवशी घेतली, कोणत्या दिवशी प्रयोगशाळेत दिली, मधल्या काळात ती कोणा कारागिराकडे गेली होती का, हे एका कागदावर लिहून काढा. प्रॉंग पुन्हा उघडून बसवले गेले की त्यांच्या टोकांवर अवजाराच्या खुणा राहतात. त्या नाहीत असे परीक्षकाकडून लेखी घ्या. विक्रीच्या वेळी दुकानाने काढलेले फोटो किंवा कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे, अशी मागणी त्याच पत्रात करा. आणि प्रयोगशाळेतून मोहोरबंद पाकिटात परत आलेली अंगठी, कितीही मोह झाला तरी, निकाल लागेपर्यंत पाकिटातून बाहेर काढू नका.